मिरजेतली शनिवारची रक्तविकार ओपीडी: मॅडमना पाचपैकी पाच, काउंटरला दोन

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करतो. वय चौसष्ट. दवाखान्यांविषयी लोक नेटवर लिहितात ते मी बारकाईनं वाचतो. पार्किंगला जागा आहे, सिस्टर गोड बोलतात, वेटिंग रूममध्ये एसी आहे. डॉक्टर पेशंटशी बोलतात कसे, विचारलेल्याचं उत्तर देतात की उडवून लावतात, हे मात्र कुणी लिहीत नाही. ज्याला एखादा आजार जन्मभर सांभाळायचाय त्याला नेमकी तीच माहिती हवी असते. म्हणून हा खटाटोप. दवाखान्याचं नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि मला दर महिन्याला तिथंच जायचंय.

सेवा अशी: मिरजेतल्या एका खासगी दवाखान्यात महिन्यातल्या एका शनिवारी पुण्याहून रक्तविकारतज्ज्ञ मॅडम येतात. मिरजेला डॉक्टरांची वानवा कधीच नव्हती. मिशनरी डॉक्टर वान्लेससाहेबांनी १८९४ साली इथं मिशनचा दवाखाना काढला तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचंच. अथणी, विजापूरपासून पेशंट येतात. हाडाचे, पोटाचे, डोळ्यांचे डॉक्टर गल्लोगल्ली. पण नुसतं रक्त बघणारा डॉक्टर हवा म्हटलं की आमच्या भागातली माणसं पुण्याची गाडी धरतात. त्यामुळे हा एक शनिवार मोलाचा, आणि म्हणूनच तुडुंब गर्दीचा.

माझा आजार पॉलिसायथेमिया व्हेरा. रक्त जास्त होण्याचा. हो, जास्त. आपल्याकडे ज्याला त्याला रक्त कमी म्हणून बीट, खजूर आणि लोखंडी तवा सांगतात, आणि माझं हिमोग्लोबिन निघालं १९च्या वर. हर्नियाच्या ऑपरेशनआधी तपासण्या केल्या त्यात हे दिसलं. हिमॅटोक्रिट, म्हणजे शंभर भाग रक्तात तांबड्या पेशी किती भाग, ते ५८. पुरुषाला पन्नासच्या आत हवं. प्लेटलेट साडेसहा लाख, त्या साडेचारच्या आत हव्यात. सर्जननी रिपोर्ट दोनदा वाचला, मला विचारलं, "तंबाखू, सिगरेट?" मी म्हटलं, सुपारीसुद्धा नाही. त्यांनी ऑपरेशन पुढं ढकललं आणि या शनिवारच्या ओपीडीचा नंबर लिहून दिला. इथवरचं श्रेय त्यांचं.

पहिल्या भेटीला मी, बायको आणि थोरला मुलगा असे तिघं गेलो. नंबर चौदावा. दहाला बोलावलं, आत गेलो अडीचला. या तक्रारीकडे नंतर येतो.

मॅडमनी आधी फाईल मागितली नाही. म्हणाल्या, "काका, अंघोळ केल्यावर अंग खाजतं का?"

मी बायकोकडं बघितलं, बायकोनं माझ्याकडं. दोन वर्षांपासून खाजत होतं. अंगावर ना पुरळ ना चट्टा, पण गरम पाण्यानं अंघोळ केली की पाचदहा मिनिटांत पाठ, दंड, मांड्यांना असं खाजायचं की टॉवेल टोचल्यासारखा वाटायचा. माझा धंदा हळदीचा. दिवसभर हळकुंड, गड्डा, कणी यांच्या धुळीत बसायचं. त्यामुळे घरचे, शेजारचे आणि एक त्वचारोगतज्ज्ञ, सगळ्यांनी एकमतानं हळदीला दोषी धरलेलं. साबण बदलला, मलमं झाली, ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या. गोदामात जाणं कमी करा असाही सल्ला मिळाला. अडत्याला हे सांगणं म्हणजे काय ते त्या डॉक्टरांना कळलं नसावं. मॅडम हसल्या. "हळद निर्दोष आहे काका. हे रक्ताचं आहे."

मग एकामागून एक प्रश्न. तळपाय, बोटं भाजल्यासारखी लाल होतात का. घोरता का. अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरल्यासारखं होतं का. डोळ्यांपुढं क्षणभर अंधारी. कधी पाय एकाच बाजूचा सुजला होता का. बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन बघितला. पोट दाबून डाव्या बरगडीखाली प्लीहा लागते का ते चाचपलं, थोडी लागली. रक्त घट्ट होण्याची दुसरी कारणं पण असतात, फुप्फुसाची, मूत्रपिंडाची, झोपेत श्वास अडण्याची, ती एकेक करून बाजूला काढायला लागतात, असं त्या तपासतातपासता सांगत होत्या. जुने सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे रिपोर्ट, मागितले. मुलानं मोबाईलमधून चार वर्षांपूर्वीचा शोधून काढला. त्यात हिमोग्लोबिन १७.८ होतं, लॅबनं ठळक अक्षरात छापलेलंही होतं, आणि तेव्हा कुणी ब्र काढला नव्हता.

यानंतरचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलगा उठला, मॅडमना म्हणाला, "जरा बाहेर दोन मिनिटं बोलता येईल का?" आपल्याकडं हे ठरलेलं आहे. पेशंटला आत बसवायचं, डॉक्टरला बाहेर गाठायचं आणि सांगायचं, बाबांना काही बोलू नका. मी माझ्या वडिलांच्या वेळी हेच केलं होतं आणि तेव्हाच्या डॉक्टरांनी ऐकलंही होतं. या मॅडम खुर्चीतून उठल्या नाहीत. मुलाला म्हणाल्या, "दादा, बसा." मग माझ्याकडं वळल्या. "काका, तुम्हाला सगळं ऐकायचंय, की फक्त काय करायचं तेवढं? दोन्ही चालेल. आज एक म्हणालात आणि पुढच्या वेळी मन बदललं तरी चालेल."

मी म्हटलं, सगळं. आकड्यांसकट.

तेव्हा त्यांनी सांगितलं. मूत्रपिंडाकडून एक संप्रेरक निघतं, एरिथ्रोपोएटिन. ते आलं की हाडांतल्या मज्जेनं तांबड्या पेशी बनवायच्या. या आजारात ऑर्डर नसताना गिरणी चालू राहते, कारण बटणच दाबलेलं अडकलंय. ते बटण म्हणजे जॅक-२ नावाचं जनुक. त्यातला नेमका बदल २००५ साली सापडला आणि या आजाराच्या शंभरातल्या पंचाण्णव पेशंटमध्ये तो असतो. रक्ताच्या साध्या नमुन्यावर तपासता येतो. सोबत एरिथ्रोपोएटिनची पातळी बघायची, ती कमी निघायला हवी. आणि कमरेच्या हाडातून मज्जेचा नमुना. मुलानं लगेच विचारलं, "आम्हाला पण होणार का?" हा बदल जन्मतः नसतो, आयुष्यात कधीतरी मज्जेतल्या एका पेशीत होतो आणि तिचीच पिलावळ वाढते, तुमची तपासणी करायची गरज मला दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. तो पोरगा तेव्हा पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसला.

मग मीच विचारलं, "कॅन्सर म्हणायचा का याला?"

"वर्गवारीत हो, रक्ताच्या संथ कॅन्सरमध्ये येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ पासून त्या गटाच्या नावातच तसं घातलंय. पण लोकांना कॅन्सर म्हटल्यावर जे डोळ्यांपुढं येतं ते इथं नाही. इथं मुख्य भीती गुठळीची. मेंदूत, हृदयात, पायात, पोटातल्या शिरेत. आपण जे करणार ते बहुतेक सगळं गुठळी टाळायला. काही लोकांत बऱ्याच वर्षांनी मज्जा जून होते, तंतू धरतात, आणि थोड्यांत ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा झपाट्यानं वाढणारा कॅन्सर, होतो. ते मी लपवणार नाही, पण आज त्याची चिंता पहिल्या नंबरवर ठेवू नका."

"किती वर्षं?" बायकोनं विचारलं. मला वाटलं नव्हतं ती विचारेल.

"मोठ्या अभ्यासांत निम्मे पेशंट निदानानंतर चौदाएक वर्षांहून जास्त जगलेले दिसतात, आणि त्यातले बरेच निदानाच्या वेळी साठीचे होते."

मी मनात बेरीज केली. चौसष्ट अधिक चौदा अठ्ठ्याहत्तर. माझे वडील एकाहत्तराव्या वर्षी गेले, हा आजार नसताना. सौदा वाईट वाटला नाही.

हे सगळं व्हायला बाहेरच्या घड्याळानं अर्धा तास लागला. बाहेर जे कण्हत बसले होते त्यांचाही अर्धा तास गेला, हे मला कळतं. पण ज्या ओपीडीत चार मिनिटांत चिठ्ठी हातात येते तिथून घरी आल्यावर आठ दिवस मोबाईलवर शोधाशोध चालते आणि माणूस नको ते वाचून अर्धा होतो.

रिपोर्ट आल्यावर दुसरी भेट. जॅक-२ पॉझिटिव्ह, एरिथ्रोपोएटिन कमी, मज्जेतही तेच. मज्जेची तपासणी दुखली का, तर भूल दिलेल्या जागी दाब जाणवला आणि मज्जा ओढताना एक कळ पार पायापर्यंत गेली. सिस्टरनी ती कळ येणार हे आधी सांगितलं होतं, त्यामुळे घाबरलो नाही. बाकी त्यावर लिहिण्यासारखं नाही.

मी प्रश्न हिशेबपट्टीच्या पाठीवर लिहून नेले होते. मॅडमनी ती पट्टीच हातात घेतली आणि एकेका प्रश्नापुढं टिक करत गेल्या. पहिला प्रश्न होता: पंचेचाळीसच का? कारण चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, "हिमॅटोक्रिट ४५ च्या आत." त्यांनी सांगितलं, इटलीतला एक अभ्यास २०१३ साली छापून आला, ३६५ पेशंटचा. निम्म्यांचं हिमॅटोक्रिट ४५ च्या आत ठेवलं, निम्म्यांचं ४५ ते ५० मध्ये. दुसऱ्या गटात गुठळ्या आणि हृदयविकारानं मृत्यू मिळून प्रमाण जवळजवळ चौपट निघालं. पहिल्यात शंभरी तीनाला थोडे कमी, दुसऱ्यात दहाच्या आसपास. असं कुणी सांगितलं की आकडा पाठ करावा लागत नाही, डोक्यात बसतो. तेव्हापासून लॅबचा रिपोर्ट आला की मी आधी तीच ओळ बघतो.

उपाय तीन. रक्त काढणं. रोज ७५ मिलीग्रॅम ॲस्पिरिन. आणि वय साठीपुढं म्हणून मज्जेला आवरणारी गोळी. ॲस्पिरिनबद्दल एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. प्लेटलेट दहा लाखांच्या वर असत्या तर उलट रक्तस्रावाचा धोका असतो, मग ॲस्पिरिन देण्याआधी आणखी एक तपासणी केली असती. म्हणून दुसऱ्या कुणा पेशंटची चिठ्ठी बघून आपलं औषध ठरवू नका.

गोळी हायड्रॉक्सीयुरिया, पाचशे मिलीग्रॅमची कॅप्सूल. पट्टीवरचा दुसरा प्रश्न हाच: ही केमो आहे का? हो म्हणाल्या. तोंडानं घ्यायची, सौम्य, पण हो. केस झडतील, उलट्या होतील तसली नाही सहसा. विदर्भात, नंदुरबारकडं सिकलसेलच्या पोरांनाही हीच कॅप्सूल देतात. मुलानं नेटवर वाचलं होतं की हिच्यानं ल्युकेमिया होतो. इथं कुणी दुसरा असता तर "नेटवरचं वाचू नका" म्हणून मोकळा झाला असता. मॅडम म्हणाल्या, पूर्वी या आजाराला किरणोत्सर्गी फॉस्फरस आणि क्लोरॅम्ब्युसिल द्यायचे, त्यांनी ल्युकेमिया वाढतो हे सिद्ध झालं आणि ते मागं पडले. हायड्रॉक्सीयुरियाबाबत तसं ठोस काही दिसलेलं नाही, पण तज्ज्ञांतला वाद शंभर टक्के मिटलाय असं मी म्हणणार नाही. म्हणून चाळिशीच्या आतल्या पेशंटला मी वेगळं बोलते.

मग दुसरे पर्याय काय, तेही ऐकवले. इंटरफेरॉनचं इंजेक्शन, कातडीखाली घ्यायचं. तरुणांना, मूल हवं असणाऱ्या बायकांना ते बरं पडतं. पण मन उदास होणं, थायरॉईड बिघडणं होऊ शकतं आणि खर्च मोठा. रुक्सोलिटिनिब, त्या जॅकच्या बटणावरच काम करणारी गोळी. खाज तिनं चांगली थांबते. पण ती हायड्रॉक्सीयुरिया चालली नाही किंवा सोसली नाही तर. तिच्यात नागीण उठण्याचा आणि दबलेला टीबी वर येण्याचा धोका असतो, आपल्याकडं टीबी केवढा ते तुम्हाला माहीत आहे, आणि महिन्याचा खर्च अजून पुष्कळांच्या आवाक्याबाहेर आहे. "तुमच्या जागी माझे वडील असते तर मी हायड्रॉक्सीयुरियानं सुरुवात केली असती," एवढं बोलून थांबल्या. मी हो म्हटलं. माझं हो येईपर्यंत पेन उघडलं नव्हतं हे मी बघितलं.

कधी थांबवायची तेही त्याच वेळी ठरलं. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार खाली आल्या तर. तोंड आलं तर. घोट्याजवळ जखम झाली आणि भरेना तर, तेव्हा पुढच्या शनिवारची वाट बघायची नाही. नखं काळी पडतील, त्याला घाबरायचं नाही. उन्हात टोपी, पूर्ण बाही, कारण कातडीचे कॅन्सर या गोळीवर थोडे वाढतात. सांगलीच्या उन्हात एप्रिल-मेच्या सौद्यांना टोपी तशीही लागतेच. आणि चिठ्ठीच्या मागं मराठीत चार ओळी: बोलताना जीभ अडखळली, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, छातीत दुखलं, अचानक पोटात असह्य दुखलं तर मला फोन करत बसू नका, जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. ती चिठ्ठी बायकोनं फ्रिजवर लावली आहे.

लोहाचा किस्सा सांगितला पाहिजे. रक्त काढून काढून शरीरातलं लोह उतरतं. आमच्या गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, कमी बघून प्रामाणिकपणे लोहाचं टॉनिक लिहून दिलं. मॅडमनी ते हातातून काढून घेतलं. लोह कमी राहिलं म्हणूनच पेशी बनायचा वेग आवरतो. लोह दिलं की हिमॅटोक्रिट पुन्हा चढायला लागतं. फारच थकवा आला तर बघू, पण माझ्याशी बोलल्याशिवाय लोहाची गोळी नाही. त्यांनी फॅमिली डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, कमीपणा येईल असं न बोलता समजावलं. हर्नियाच्या सर्जनशीही असंच बोलणं झालं, हिमॅटोक्रिट ताब्यात आल्यावरच ऑपरेशनची तारीख धरली आणि ते नीट पार पडलं. डॉक्टरांनी एकमेकांना फोन करावा ही अपेक्षा फार नाही, पण माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच बघितलं.

रक्त काढायला ब्लड बँकेत जावं लागतं. तिथला अनुभव संमिश्र. रक्तदात्यांचीच खुर्ची, तीच पिशवी, साडेतीनशे मिलीलिटर. भिंतीवर रक्तदानाची पोस्टरं. पलीकडच्या खुर्चीवर कॉलेजची पोरं दान करतायत, टाळ्या चालल्यात, आणि माझी पिशवी भरली की ती टाकून द्यायची, कुणाला देता येत नाही. व्यापाऱ्याच्या जिवाला ते लागतं. पहिल्या वेळी रक्त इतकं घट्ट की सुई दोनदा अडली. टेक्निशियन नवीन असला तर चिठ्ठी उलटीपालटी करून बघतो, "आमच्याकडं असं करत नाहीत" म्हणतो, मग मोठ्यांना विचारून येतो. तेव्हा मॅडमचं लेटरहेडवरचं पत्र सोबत ठेवा, त्यात किती काढायचं ते लिहिलेलं असू द्या. आधी भरपूर पाणी प्या, नंतर लगेच उठू नका. बिस्कीट आणि कॉफी मात्र दात्यांसारखीच देतात.

आता मॅडमची एक उणी बाजू. मी गुळवेलीचा काढा घेत होतो. करोनाच्या काळात लागलेली सवय. पट्टीवर प्रश्न होता, काढा चालेल का. वाक्य पुरं व्हायच्या आत "बंद" असं आलं. कारण विचारल्यावर म्हणाल्या, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनं यकृत बिघडलेल्या पेशंटवर लेख छापलाय. आयुष मंत्रालयानं तो मान्य केला नव्हता हे मुलानं सांगितलं, तर त्यांनी पुढच्या प्रश्नावर टिक केली. इतर सगळ्या ठिकाणी दोन्ही बाजू मांडणारी बाई इथं आखडली. मी काढा बंद केला, गोळ्या चालू असताना यकृताशी खेळ नको हे पटलं म्हणून. पण कितीतरी पेशंट असं ऐकल्यावर काढा चालूच ठेवतील आणि सांगायचं बंद करतील. हळदीचं विचारलं तेव्हा मात्र नीट उत्तर मिळालं: जेवणातली खुशाल खा, अर्काच्या कॅप्सूल नकोत, ॲस्पिरिन चालू आहे. बाजारात मी हे कुणाला बोललो नाही.

बोलतातही जरा भरभर. काउंट, क्लोन, रिस्पॉन्स असे शब्द आले की मी मुलाकडं बघायचो. त्यावर आम्ही तोडगा काढला, परवानगी मागून बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. लगेच हो म्हणाल्या. घरी दोनदा ऐकलं की सगळं लागतं.

दर भेटीला एक कागद भरून घेतात, दहा लक्षणांचा, शून्य ते दहा गुण द्यायचे. थकवा, खाज, रात्रीचा घाम, हाडं दुखणं, लक्ष न लागणं वगैरे. छापील कागद इंग्रजीत, सिस्टर वाचून दाखवतात. मला आधी हा वेळकाढूपणा वाटला. पण खाजेला मी नऊ दिले होते ते पुढच्या भेटींत सहा, मग तीनवर आले, आणि मॅडमनी जुने कागद शेजारी मांडून दाखवलं तेव्हा लक्षात आलं की मी "बरं आहे" एवढंच म्हणालो असतो.

आता काउंटर. मॅडमनी आत अर्धा तास खर्च करून त्या एका शब्दाची भीती घालवायची आणि काउंटरवरच्या मुलानं हॉलभर ओरडायचं, "कॅन्सरवाले या बाजूला बसा!" माझ्या ओळखीचा यार्डातला एक तोलाईदार त्याच दिवशी आईला घेऊन हाडाच्या डॉक्टरांकडं आला होता. सोमवारी सौद्याच्या आधी अर्ध्या पेठेला माहीत. दोन शेतकऱ्यांनी तर उधारीचा हिशेब आत्ताच करूया का, असं आडून विचारलं. मी दवाखान्याकडं लेखी तक्रार दिली. पुढच्या महिन्यातही ओरडणं चालूच. आता नंबरनं बोलावतात, पण फाईलवर लाल पेननं तोच शब्द लिहिलेला असतो आणि फाईल सगळ्यांच्या नजरेसमोर रचलेल्या.

नंबर दिला तरी वेळ पाळली जात नाही. मॅडम दहाला येतात, त्यात दोष नाही. पण वीस मिनिटांच्या कामाला दर दहा मिनिटांनी एक नंबर लावला की दुपारी हेच होणार, हे साधं गणित आहे आणि ते दर महिन्याला चुकतं. खुर्च्या कमी. विजापूरहून पहाटे निघालेली म्हातारी माणसं जिन्यावर बसतात.

दवाखान्यातल्या मेडिकलमध्ये एकदा हायड्रॉक्सीयुरिया शिल्लक नव्हती, आणि "पुढच्या आठवड्यात येईल" असं अगदी सहज सांगितलं. ही गोळी पुढच्या आठवड्यावर टाकायची नसते. तेव्हापासून सांगलीतून महिन्याची जास्तीची घेऊन ठेवतो. कॅप्सूल घरातल्या पोरीबाळींनी हाताळायची नाही, गर्भार असलेल्या सुनेनं तर नाहीच, हे मॅडमनी सांगितलं होतं; मेडिकलवाल्यानं कधी सांगितलं नाही.

मधल्या काळाची सोय मात्र चांगली. सिस्टरांचा एक व्हॉट्सॲप नंबर आहे. सीबीसीचा फोटो टाकायचा, एकदोन दिवसांत मॅडमचं उत्तर येतं: तोच डोस, किंवा रोज दोनऐवजी एक. एकदा पांढऱ्या पेशी उतरल्या तेव्हा सकाळी आठला सिस्टरांचा फोनच आला, आठवडाभर गोळी बंद. त्या नंबरवर सुविचार आणि गणपतीचे फोटो टाकू नका, सिस्टर वैतागलेल्या असतात.

फी पहिल्या भेटीला आठशे, नंतर पाचशे. तपासण्यांचा खर्च वेगळा, जॅक-२ आणि मज्जेचा मिळून काही हजारांत गेला, आणि भरती नसल्यामुळे माझ्या विम्यातून त्यातलं काही मिळालं नाही.

माझे गुण: मॅडमना पाच, काढ्याचं धरून. सिस्टरांना पाच. ब्लड बँकेला साडेतीन. काउंटर आणि फाईलच्या व्यवस्थेला दोन, तेही नंबरनं बोलवायला लागले म्हणून. ज्याला "डॉक्टर, तुम्ही बघा काय ते" म्हणून मोकळं व्हायचंय त्याला इथला वेळ जास्त वाटेल. ज्याला विचारायचंय त्यानं जावं.

नंबर फोनवर लागतो, आधीच्या बुधवारी सकाळी, तासाभरात भरतो. डबा न्या, कॅन्टीन शनिवारी दोनला बंद होतं. गाडी मागच्या गेटनं आत घ्या. आणि जुने सीबीसी असतील नसतील तेवढे घेऊन जा, पिवळे पडले असले तरी, त्या मागतातच.